प्रश्न आधी, प्रश्नावली नंतर

एमबीएच्या प्रोजेक्टची वेळ आली की बरेच विद्यार्थी पहिल्याच आठवड्यात गूगल फॉर्म बनवून व्हॉट्सॲपवर फिरवतात. उत्तरं जमतात, पाय चार्टही होतात. पण त्यातून नेमकं काय कळलं, हे तोंडी परीक्षेत सांगता येत नाही. कारण संशोधनाचा प्रश्नच ठरलेला नसतो.

‘कर्मचाऱ्यांचं समाधान’ हा झाला विषय. ‘चाकणच्या एका कारखान्यातले नवे कामगार वर्षाच्या आत नोकरी का सोडतात?’ हा झाला प्रश्न. कोणाला विचारायचं, हेही त्यातच दडलेलं असतं. आज कामावर असलेल्यांनाच फॉर्म दिले, तर टिकलेल्यांचीच मतं हाती लागतील. सोडून गेलेल्यांना गाठायलाच हवं. शिवाय ‘का’ शोधायचं असेल, तर आधी मोजक्या जणांच्या सविस्तर मुलाखती घ्याव्यात. पाळीच्या वेळा, बसची सोय, सुपरवायझरची वागणूक अशी कारणं त्यांतून पुढे आली, की कोणतं कारण किती जणांना लागू पडतं, हे मोजण्यासाठी प्रश्नावली घ्यावी.

आता प्रश्नावलीतलं एक विधान पाहा : ‘पगार आणि कॅन्टीनबाबत मी समाधानी होतो.’ पगार पटला, पण जेवण आवडलं नाही, अशा माणसाने खूण कुठे करायची? म्हणून एका विधानात एकच गोष्ट असावी. ‘पूर्ण सहमत’ ते ‘पूर्ण असहमत’ अशी मोजपट्टी रेन्सिस लायकर्ट यांनी १९३२ मध्ये मांडली. ती आजही वापरात आहे. प्रश्नावली आधी काही जणांकडून भरून घ्यावी आणि ते कुठे अडखळतात, हे शेजारी बसून पाहावं.

मग येतो नमुना. ९५ टक्के विश्वासपातळी आणि ५ टक्के त्रुटी धरली, तर मोठ्या समूहासाठी ३८५ हा आकडा येतो. समूह १,२०० जणांचा असेल, तर २९२ पुरतात. मात्र हे गणित यादीतून यादृच्छिक निवड केली तरच लागू होतं. ओळखीपाळखीतून हजार फॉर्म भरून घेतले, तरी त्याला हा हिशेब लावता येत नाही.

तशी यादी मिळाली नाही, तर अहवालात ते स्पष्ट लिहावं आणि निष्कर्ष भेटलेल्या माणसांपुरताच मांडावा. त्याने गुण कमी होत नाहीत. उलट आपल्या माहितीची मर्यादा ओळखणं हीच या विषयाची खरी शिकवण आहे. उद्या व्यवस्थापक म्हणून निर्णय घेताना तीच कामी येईल.