वूच : गिरण्यांच्या नगरीचे नवे रूप

पोलंडच्या मध्यभागी, राजधानी वॉर्सापासून सुमारे १३० किलोमीटर अंतरावर वूच हे शहर वसलेले आहे. १८२० साली त्यास औद्योगिक नगरीचा दर्जा मिळाला, तेव्हा तेथील वस्ती एक हजाराहूनही कमी होती. पुढे सॅक्सनी, सायलेशिया व बोहेमिया येथून विणकर आले, वाफेवर गिरण्या चालू लागल्या आणि रशियाची विस्तीर्ण बाजारपेठ खुली झाली. १९१४ पर्यंत लोकसंख्या पाच लाखांच्या घरात गेली.

दुसऱ्या महायुद्धात नाझी राजवटीने येथील ज्यू नागरिकांना एका वस्तीत कोंडले. ज्या रादेगास्त स्थानकातून त्यांना मृत्युछावण्यांकडे नेण्यात आले, तेथे आज स्मारक आहे.

१९८९ च्या सत्तांतरानंतर सोव्हिएत बाजारपेठ नाहीशी झाली व गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. हजारो कामगार बेकार झाले; त्यांत स्त्रियांची संख्या मोठी होती. मुंबईच्या गिरणगावाचा इतिहास जाणणाऱ्यांस हे चित्र परके वाटणार नाही.

वूचने अनेक जुन्या इमारती न पाडता त्यांचा नवा उपयोग शोधला. पोझनान्स्की यांच्या लाल विटांच्या गिरणीत २००६ साली ‘मानुफाक्तुरा’ हे व्यापार व करमणूक केंद्र सुरू झाले. गायर यांच्या ‘पांढऱ्या गिरणी’त वस्त्रोद्योगाचे संग्रहालय आहे. १९०७ साली सुरू झालेल्या वीजकेंद्रात विज्ञानकेंद्र व तारांगण उभे राहिले आहे. चार किलोमीटरहून लांब पसरलेला प्योत्रकोव्स्का रस्ता आणि आंद्रेई वायदा यांच्यासारखे दिग्दर्शक घडविणारी चित्रपटशाळा ही इतर आकर्षणे होत. २०१७ साली युनेस्कोने शहरास ‘चित्रपटनगरी’ म्हणून मान्यता दिली.

उद्योगांसाठी १९९७ मध्ये करसवलती देणारे विशेष आर्थिक क्षेत्र स्थापण्यात आले. देशाचे दोन प्रमुख द्रुतगती महामार्ग शहराजवळ एकमेकांस छेदतात, ही सोय कारखानदारांना विशेष मोलाची वाटते. घरगुती विद्युत उपकरणांचे मोठे कारखाने येथे निघाले. १९८१ साली पुण्यात स्थापन झालेल्या इन्फोसिसने २००७ मध्ये फिलिप्सची लेखासेवा केंद्रे घेतली, त्यांपैकी एक वूच येथील होते.

तथापि, १९८० च्या दशकात साडेआठ लाखांच्या आसपास असलेली लोकसंख्या आता सुमारे साडेसहा लाखांवर आली आहे. इमारतींना नवे आयुष्य लाभले. तरुणांनी याच शहरात संसार थाटावा, यासाठीचे प्रयत्न मात्र अद्याप पुरे झालेले नाहीत.