जुन्या मॅटाडोरमधला धूर येतो कुठून?

पुण्याजवळ आकुर्डीत तयार होणाऱ्या बजाज टेम्पोच्या मॅटाडोरने एके काळी महाराष्ट्रात रुग्ण, वऱ्हाडी आणि भाजीपाला सारख्याच निमूटपणे वाहिला. हौसेने जपलेल्या अशा गाडीत थंडीत हीटर लावताच धुराचा वास येऊ लागला, की सगळा दोष हीटरच्या माथी मारला जातो. तो बहुधा अन्यायच असतो.

युरोपातून खुष्कीच्या मार्गाने 1960-70 च्या दशकांत गोव्यात उतरलेल्या फोक्सवॅगन कोम्बीची गोष्ट वेगळी होती. तिचे इंजिन हवेने थंड होत असल्याने सायलेन्सरकडे जाणाऱ्या तप्त नळीभोवती पत्र्याचे आवरण घालून त्यातली हवा केबिनमध्ये सोडली जाई, आणि ती नळी गंजून फुटली की उबेबरोबर धूरही थेट आत येई. मॅटाडोरचे इंजिन पाण्याने थंड होते. तिच्यात हीटर बसवलेला असला, तरी तो इंजिनातले गरम पाणी छोट्या रेडिएटरमधून फिरवतो आणि पंखा त्यावरून हवा ढकलतो, म्हणून तिथे धूर व हवा यांची गाठच पडत नाही. धूर निघतो तो इंजिन आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरांतला धूर एकत्र करणारा ओतीव नळ, यांच्यामधल्या पॅकिंगमधून. इंजिन चालकाच्या शेजारीच झाकणाखाली असल्याने, झाकणाचे रबर कडक झाले की तो केबिनमध्ये शिरतो आणि हीटरचा पंखा आसपासची हवा ओढत असला तर त्याला वाटही करून देतो.

तपासणी उघड्या जागेत, इंजिन थंड असतानाच सुरू करावी, कारण तापलेला धातू प्रसरण पावून फट बुजवतो आणि पुराव्याचा आवाजच बंद होतो. सुरुवातीच्या मिनिटात येणारी बारीक फटफट, सांध्यावर मारलेल्या साबणाच्या पाण्याचे बुडबुडे आणि पॅकिंगच्या कडेला पंख्यासारखी पसरलेली काळी काजळी, या खुणा सहसा फसवत नाहीत. वास फक्त धावत्या गाडीत येत असेल, तर मागच्या दाराचे रबर आधी पाहावे; गाडीमागे हवेचा दाब कमी होतो आणि नळीतला धूर तिथून आत खेचला जातो.

डिझेलच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड पेट्रोलच्या मानाने कमी असतो, पण असतो. त्याला स्वतःचा वास नसतो. डोके दुखणे, मळमळणे याला ‘गाडी लागली’ म्हणून मोकळे होणे त्यामुळे धोक्याचे ठरते. विल्यम वानलेस यांच्या मिशन रुग्णालयापासून वैद्यकनगरी म्हणून नावारूपाला आलेल्या मिरजेत डॉक्टर हाकेच्या अंतरावर असला, तरी धुराचा संशय त्याला आवर्जून सांगावा लागतो, कारण बोटाला लावायचा साधा ऑक्सिमीटर या वायूने व्यापलेले हिमोग्लोबिन ऑक्सिजनयुक्त समजून आकडा चांगलाच दाखवतो. खरे प्रमाण को-ऑक्सिमीटरवर केलेल्या रक्ततपासणीतच कळते.