घरातल्या कापसात झोपलेली अळी

डिसेंबर-जानेवारीत जळगाव-धुळ्याकडच्या एखाद्या खेड्यात गेलो, तर पुष्कळ घरांत कापसाचा ढीग रचलेला दिसतो. भाव वाढेल या आशेने तो ठेवलेला असतो. परसात चुलीसाठी पऱ्हाट्यांची गंजी असते. या कापसातली थोडी सरकी निवडून पाहावी. दोन सरक्या एकमेकींना चिकटलेल्या आढळल्या, तर त्या अलगद सोडवाव्यात. पोखरलेल्या पोकळीत सेंटिमीटरभर लांबीची गुलाबी अळी निपचित पडलेली दिसेल. ती मेलेली नाही, झोपलेली आहे.

ही गुलाबी बोंडअळी. तिचे शास्त्रीय नाव पेक्टिनोफोरा गॉसिपिएला. १८४२ साली भडोचच्या कपाशीवर सापडलेल्या नमुन्यांवरून शास्त्रजगताला तिची ओळख झाली.

बहुतेक कीटकांच्या शरीराचे तापमान भोवतालाबरोबर बदलते. त्यामुळे हिवाळा काढण्यासाठी त्यांना युक्ती योजावी लागते. थंड प्रदेशांतले काही कीटक शरीरात ग्लिसरॉल साठवतात. त्यामुळे गोठण्यापासून होणारी इजा टळते. अमेरिका व युरोपात काही जातींचे ढालकिडे थंडीच्या तोंडावर थव्याने घरांच्या फटींत शिरतात. पण खानदेशात बर्फ पडत नाही. मग इथल्या अळीने झोपावे कशासाठी?

कारण थंडीपेक्षा उपासमारीत आहे. कपाशी संपली की पुढच्या पावसाळ्यापर्यंत पाते, फूल, बोंड असे काहीच मिळायचे नाही. ही वेळ येण्याआधीच तयारी हवी. तिची सूचना अळीला मिळते ती मुख्यतः दिवसाच्या लांबीवरून. जळगावात जूनअखेरचा दिवस सुमारे १३ तास २५ मिनिटांचा, तर डिसेंबरअखेरचा सुमारे १० तास ५० मिनिटांचा असतो. थंडी एखाद्या वर्षी उशिरा येईल, पण दिवस ठरल्या वेळीच लहान होतो. लहान दिवस, गार रात्री आणि पक्व सरकीतले तेलयुक्त अन्न यांचा मेळ बसला, की पूर्ण वाढलेल्या अनेक अळ्या कोषात न जाता थांबतात. त्यांचे श्वसन मंदावते आणि साठवलेल्या चरबीवर त्या महिनोन् महिने जगतात. यालाच सुप्तावस्था म्हणतात. कापूस वेचून आपण घरी आणतो, तेव्हा ही झोपलेली अळीही आपल्याबरोबर घरात येते. उघड्या, नांगरलेल्या शेतात उन्हाळ्याचे ऊन तिला मारू शकते. ढिगात आणि गंजीत मात्र तिला सावली मिळते.

ऊब, ओलावा आणि वाढता दिवस तिला जागे करतात. पतंग बाहेर पडतात, पण त्यांचे आयुष्य एक-दोन आठवड्यांचेच. तेवढ्यात शेतात पाते लागलेली कपाशी नसेल, तर पिढी तिथेच खुंटते. खानदेशात विहिरीच्या पाण्यावर मे महिन्यात लावलेली कपाशी नेमकी याच वेळी पात्यावर येते आणि पतंगांना आसरा देते. लवकर लागवड टाळा, फरदड घेऊ नका, या सल्ल्यांमागचे शास्त्र हे आहे.

हे शास्त्र आज अधिकच मोलाचे झाले आहे. २००२ मध्ये बीटी कपाशीला आणि २००६ मध्ये दोन जनुकांच्या बीटी वाणांना भारतात परवानगी मिळाली. पुढे या अळीने दोन्ही विषांना प्रतिकार मिळवला. २०१७ च्या हंगामात तिने महाराष्ट्रात मोठे नुकसान केले. अमेरिकेने मात्र बीटी कपाशीच्या जोडीला वांझ पतंग सोडणे, हंगामानंतर झाडे नांगरून गाडणे असे उपाय केले आणि २०१८ मध्ये देशातून या अळीचे निर्मूलन झाल्याचे जाहीर केले.

शेतकऱ्याला कापूस घरी ठेवावा लागतो, तो भावामुळे. त्याला दोष देऊन उपयोग नाही. पण पऱ्हाट्यांची गंजी पावसाळ्याआधी संपवणे, कापूस ठेवलेल्या जागी व जिनिंगच्या आवारात कामगंध सापळे लावणे त्याला जमण्यासारखे आहे.

वर्गात एक निरीक्षण करता येईल. जानेवारीत विद्यार्थ्यांना घरून जोड-सरक्या आणायला सांगा. त्या काचेच्या बरणीत ठेवून तोंडाला पातळ कापड घट्ट बांधा. पतंग कोणत्या तारखेला बाहेर पडतो ते नोंदवा, आणि त्याच दिवशी गावातली कपाशी पात्यावर आली आहे का तेही पाहा. या दोन नोंदींत किती दिवसांचे अंतर आहे, ते विद्यार्थ्यांनाच मोजू द्या. शेवटी बरणीत उकळते पाणी ओतण्याचे काम शिक्षकांनी स्वतः करावे. एकही पतंग बाहेर सुटता कामा नये.