गुण सारखे, मग पुढे कोण?

एप्रिल महिना उजाडला की वस्त्यावस्त्यांतून जयंतीची लगबग सुरू होते. विहाराला रंग लागतो, निळ्या पताका चढतात आणि तरुण मुले क्रिकेट-कबड्डीचे सामने भरवतात. काही वर्षांपूर्वी अशाच एका स्पर्धेला आम्ही पाहुणे म्हणून गेलो होतो. चार गल्ल्यांचे चार संघ, प्रत्येकाचे तीन सामने आणि पहिल्या दोघांत अंतिम सामना. साखळी संपली तेव्हा तीन संघांचे गुण सारखेच! एकमेकांतला निकाल पाहावा, तर पहिल्याने दुसऱ्याला हरवलेले, दुसऱ्याने तिसऱ्याला आणि तिसऱ्याने पहिल्याला. आता दोघे निवडायचे कसे?

नियम कुणीच ठरवला नव्हता. मंडपामागे अर्धा तास बैठक झाली आणि दोन संघांची नावे पुकारली गेली. तिसऱ्या संघाची मुले मुकाट्याने बॅटी उचलून घरी गेली. पुढच्या वर्षी त्या गल्लीने संघच पाठवला नाही. भांडण चषकाचे नव्हते. आपल्याला डावलले, ही बोच होती. आपल्या समाजाला ही बोच फार जुनी आहे, म्हणूनच हा विषय आज वाचकांपुढे मांडत आहोत.

धावगतीचा हिशेब

साखळी सामन्यांत गुण सारखे होणे ही नेहमीची गोष्ट आहे. मोठ्या स्पर्धांत त्यासाठी एकामागून एक कसोट्या आधीच लिहून ठेवलेल्या असतात. फुटबॉलमध्ये गोलफरक, म्हणजे केलेल्या गोलांतून खाल्लेले गोल वजा, ही मोठी कसोटी. क्रिकेटमध्ये निव्वळ धावगती. हा शब्द ऐकून पुष्कळजण घाबरतात, पण हिशेब सोपा आहे. आपण षटकामागे किती धावा केल्या, त्यातून षटकामागे किती दिल्या ते वजा करायचे. आठ षटकांत आपण ७२ केल्या, म्हणजे षटकाला ९. समोरच्याने आठ षटकांत ६४ केल्या, म्हणजे षटकाला ८. आपली निव्वळ धावगती अधिक १.

यात दोन ठिकाणी चूक होते. संघ सहा षटकांत सर्वबाद झाला, तरी हिशेबात पूर्ण आठ षटके धरायची, सहा नव्हे. आणि १४.३ षटके म्हणजे चौदा षटके तीन चेंडू, म्हणजेच साडेचौदा षटके. कॅल्क्युलेटरवर १४.३ दाबले की उत्तर चुकलेच! शिवाय सगळ्या सामन्यांच्या धावा आणि षटके एकत्र करून मग भागाकार करायचा असतो.

कबड्डीतही असेच आहे. २०१४ साली सुरू झालेल्या प्रो कबड्डी लीगमध्ये बरेच हंगाम विजयाला ५, बरोबरीला ३ आणि सात किंवा त्याहून कमी गुणांनी हरणाऱ्याला १ गुण मिळत असे. त्यामुळे हरणारा संघही शेवटच्या चढाईपर्यंत जीव तोडून खेळे. तक्त्यात त्या एका गुणालाही मोल होते.

एकाला ठाऊक होते, एकाला नव्हते

२५ मे २०१४. मुंबईचे वानखेडे मैदान. आयपीएलच्या शेवटच्या साखळी सामन्यात राजस्थानने १८९ धावा केल्या. मुंबई जिंकली तर दोघांचे गुण सारखे होणार होते, पण धावगतीत पुढे जाण्यासाठी मुंबईला १९० धावा १४.३ षटकांत करणे भाग होते. कोरी अँडरसनने ९५ धावा फटकावल्या. १४.३ षटके झाली तेव्हा मुंबईच्या धावा होत्या १८९. बरोबरी! राजस्थानला वाटले आपण सुटलो. पण पुढच्या चेंडूवर चौकार गेला तरी मुंबईचे काम होणार होते आणि तो निरोप मैदानावर पोचला होता. आदित्य तरेने षटकार ठोकला. मुंबई पुढे, राजस्थान घरी.

आता दुसरे चित्र पाहा. ५ सप्टेंबर २०२३, लाहोर, आशिया चषक. श्रीलंकेच्या २९१ धावा. पुढच्या फेरीत जायचे तर अफगाणिस्तानला ३७.१ षटकांत २९२ धावा हव्या होत्या. ३७ षटकांत ते २८९ वर पोचले, पण पुढच्याच चेंडूवर गडी बाद झाला. सगळे संपले असे समजून शेवटच्या फलंदाजाने दोन चेंडू नुसते अडवले आणि तिसऱ्यावर तो पायचीत झाला. खरे तर त्या चेंडूंवर एक षटकार बसता, तरी धावगतीच्या गणितात अफगाणिस्तान पुढे गेले असते. हे गणित आपल्याला कुणी कळवलेच नाही, असे त्यांचे प्रशिक्षक जोनाथन ट्रॉट यांनी नंतर सांगितले.

दोन्हीकडे जिद्द होती, घाम होता. फरक एवढाच की एका संघाला नियम शेवटच्या टोकापर्यंत ठाऊक होता, दुसऱ्याला अर्धाच. शिष्यवृत्तीच्या अर्जापासून नोकरीच्या गुणवत्ता यादीपर्यंत आपल्या मुलांचेही असेच होते, हे आईबापांनी ध्यानात घ्यावे.

दाद मागितली, नियम सुधारला

नियम लेखी असला तरी तो न्याय्य असतोच असे नाही. १९८२ च्या फुटबॉल विश्वचषकात अल्जीरियाने बलाढ्य पश्चिम जर्मनीला २-१ असे हरवले होते. गटातले अल्जीरियाचे सामने आधी संपले. दुसऱ्या दिवशी स्पेनमधील खिखोन येथे जर्मनी आणि ऑस्ट्रिया समोरासमोर आले. जर्मनी एका गोलाने जिंकली तर दोघेही पुढे जाणार, हे दोघांनाही माहीत होते. दहाव्या मिनिटाला जर्मनीचा गोल झाला आणि उरलेला सामना चेंडू इकडून तिकडे ढकलण्यात गेला. तिघांचे गुण सारखे, गोलफरकात अल्जीरिया बाहेर. त्यांची तक्रार फेटाळली गेली. पण जगभर एवढी छी-थू झाली की १९८६ पासून गटातले शेवटचे सामने एकाच वेळी खेळवले जाऊ लागले. अल्जीरियाला न्याय मिळाला नाही, मात्र त्यांच्यामागून येणाऱ्या लहान संघांना मिळाला.

आणि नियमच नसेल तर? बाळू पालवणकर यांचे नाव आपल्या घराघरांत ठाऊक असायला हवे. चर्मकार समाजातल्या या डावखुऱ्या गोलंदाजाने १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले. तरी हिंदू संघाचा कर्णधार म्हणून त्यांची निवड कधी झाली नाही. तो मान १९२३ साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाला. कर्णधार कुणाला करायचे याची लेखी कसोटी नव्हती, आणि जिथे कसोटी नसते तिथे जात पुढे येते.

आपल्या मंडळांसाठी

म्हणून आमची जयंती मंडळांना विनंती आहे. पहिल्या सामन्याआधी एका कागदावर क्रम लिहा. पहिले, गुण. दुसरे, आपसातल्या सामन्याचा निकाल. तिसरे, क्रिकेटला निव्वळ धावगती, कबड्डीला गुणफरक. तेही सारखे आले तर सर्वांसमोर चिठ्ठी. चिठ्ठीत कमीपणा नाही. १९९० च्या विश्वचषकात आयर्लंड आणि नेदरलँड्स यांचे गुण, गोल सारे सारखे निघाले, आपसातला सामनाही बरोबरीत. दोघेही पुढे जाणार होते, पण दुसरा कोण आणि तिसरा कोण हे चिठ्ठीने ठरले. आयर्लंड दुसरे आले, त्यांना रुमानिया मिळाली आणि ते उपांत्यपूर्व फेरीत पोचले. नेदरलँड्सच्या वाट्याला पश्चिम जर्मनी आली आणि ते हरले. मने दुखली असतील, पण फसवले असे कुणी म्हटले नाही.

त्या कागदावर सगळ्या कर्णधारांच्या सह्या घ्या, मुलींच्या संघांच्याही. एक प्रत विहाराच्या फळ्यावर लावा. शेवटच्या दिवशीचे सामने एकाच वेळी ठेवा, आणि दोन मैदाने नसतील तर निदान लागोपाठ ठेवा. धावगतीचा हिशेब शाळेत जाणाऱ्या मुलामुलींकडून करून घ्या. त्यांचे गणितही पक्के होईल.

बाबासाहेबांनी लेखी घटनेचे मोल आपल्याला शिकवले. ते मोल जयंतीच्या मैदानावरही दिसू द्या. हरलेला संघ घरी जाईल, पण पुढच्या वर्षी पुन्हा येईल. आम्ही पाहिलेली ती तिसरी गल्लीही कधीतरी बॅटी घेऊन परत येईल, अशी आशा आम्हाला आहे.