पेल्यातलं पाणी : ‘जुरासिक पार्क’ अजून का टिकून आहे?

मंडळाच्या मागच्या बैठकीत विषय होता ‘अभिजात म्हणजे काय?’ २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हापासून हा शब्द आपल्याकडे सारखा कानावर पडतो. बैठकीत ज्ञानेश्वरी झाली, तुकोबांची गाथा झाली, फादर स्टीफन्सचं ‘क्रिस्तपुराण’ झालं. मग कुणीतरी म्हणालं, एखादा सिनेमा सांगा ना. मी म्हणाले, ‘जुरासिक पार्क’. सगळे हसले. एक ज्युनिअर तर म्हणाला, “ताई, ते रबरी डायनोसॉर?”

तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नाही. म्हणून हा लेख.

आधी थोडी माहिती. मायकेल क्रायटनची ही कादंबरी १९९० मध्ये आली. स्टीव्हन स्पीलबर्गने तिच्यावरून केलेला सिनेमा जून १९९३ मध्ये अमेरिकेत लागला आणि १९९४ मध्ये भारतात. आपल्याकडे तो हिंदीत डब होऊन आला आणि असा चालला, की त्यानंतर हॉलिवूडचे मोठे सिनेमे हिंदीत आणण्याची वाटच मोकळी झाली. माझ्या पप्पांनी तो त्याच उन्हाळ्यात सुरतेत पाहिला. ते तेव्हा श्रीरामपूरकडून नुकतेच इथे कामाला आले होते. इंग्रजी कळण्याचा प्रश्नच नव्हता. डायनोसॉरशी त्यांची ओळख हिंदीतूनच झाली.

आता त्या ‘रबरी डायनोसॉर’कडे येऊ. सिनेमा दोन तास सात मिनिटांचा आहे. त्यात डायनोसॉर पडद्यावर किती वेळ दिसतात? जेमतेम पंधरा मिनिटं. त्यातलेही कॉम्प्युटरवर तयार केलेले डायनोसॉर सहा मिनिटांच्या आसपास. बाकीचे स्टॅन विन्स्टनच्या कारागिरांनी बनवलेले, हलणारे, खरेखुरे पुतळे. म्हणजे डायनोसॉरच्या सिनेमात जवळजवळ पावणेदोन तास डायनोसॉर नाहीतच! मग आपण इतका वेळ बघतो काय?

आपण वाट बघतो. माझ्या मते हा सिनेमा टिकण्याचं खरं कारण हेच आहे. तो दाखवतो कमी आणि सुचवतो जास्त.

पहिलाच प्रसंग आठवा. रात्रीची वेळ, एक मोठा पिंजरा, आत काहीतरी आहे. एक माणूस आत ओढला जातो, पण आपल्याला दिसतो फक्त एक डोळा. पुढे एका गाईला दोरखंडाने बांधून कुंपणाच्या आत सोडतात. झाडं हलतात, आवाज येतात आणि वर येतात ते फाटलेले पट्टे. प्राणी दिसतच नाही. मग टी-रेक्स. त्यासाठी तर आपण जवळजवळ एक तास थांबतो. आधी पावसात उभी असलेली बकरी दिसते, आणि ती दिसेनाशी होण्याआधीच गाडीतल्या पेल्यातलं पाणी हलतं. नुसती गोल गोल वलयं. त्या पाण्याच्या शॉटसाठी गाडीच्या डॅशबोर्डखाली गिटारची तार ताणून ती छेडली होती. इतक्या साध्या युक्तीने सिनेमाच्या इतिहासातला एवढा मोठा प्राणी ‘आला’.

आपण साहित्याचे विद्यार्थी, त्यामुळे हे आपल्याला नवीन नाही. नवव्या शतकात आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त हेच मांडलं: काव्याचा प्राण सांगितलेल्या अर्थात नसतो, सुचवलेल्या अर्थात असतो. परीक्षेत आपण अभिधा, लक्षणा, व्यंजना पाठ करून लिहितो. पण व्यंजना म्हणजे काय हे मला खरं कळलं ते त्या पेल्यातल्या पाण्यावरून. पाणी हलतं एवढाच वाच्यार्थ; बाकीचं सगळं आपल्या पोटात होतं.

आणि जे आपल्या मनात तयार होतं ते जुनं होत नाही. कॉम्प्युटर ग्राफिक्स पाच वर्षांत शिळे वाटायला लागतात. पण १९९३ मध्ये प्रेक्षकाने पेल्याकडे बघून मनात जो प्राणी उभा केला, तो प्रत्येक पिढी आपापला नव्याने उभा करते. माझा धाकटा भाऊ पंधरा वर्षांचा आहे, मोबाईल गेम खेळून मोठा झालेला. त्यानेही त्या जागी उशी तोंडाशी धरली होती.

दुसरी गोष्ट चेहऱ्यांची. सिनेमातला पहिला पूर्ण दिसणारा डायनोसॉर म्हणजे लांब मानेचा ब्रॅकिओसॉरस. पण स्पीलबर्ग आधी तो दाखवत नाही. आधी डॉ. ग्रँट गाडीत उभा राहतो, गॉगल काढतो. शेजारी डॉ. सॅटलर हातातल्या पानाबद्दल बोलत असते. तो हाताने तिचं डोकंच वळवतो. तिचं तोंड उघडं राहतं. मग आपल्याला दिसतं. म्हणजे आधी विस्मय आणि मग त्याचं कारण. भरतमुनींच्या भाषेत बोलायचं तर हा सिनेमा भयानक रसाआधी अद्भुत रस देतो. ज्याचं आधी आश्चर्य वाटलं त्याची नंतर भीती वाटली, तर ती जास्त खोल जाते. नंतरच्या बऱ्याच राक्षसपटांत डायनोसॉर फक्त चावायला येतात. इथे एक आजारी ट्रायसेराटॉप्स आहे, त्याच्या पोटावर हात ठेवून माणसं बसतात. तो प्राणी आहे, राक्षस नाही.

तिसरी गोष्ट आवाजाची. टी-रेक्सच्या डरकाळीत हत्तीच्या पिल्लाचा चीत्कार आहे, त्यात वाघ आणि मगर मिसळलेत. ध्वनिरचनाकार गॅरी रायडस्ट्रॉमने खऱ्या प्राण्यांच्या आवाजातून हे सगळं उभं केलं. आणि एक गंमत: टी-रेक्स कुंपण तोडून बाहेर येतो त्या अख्ख्या प्रसंगात पार्श्वसंगीत नाही. जॉन विल्यम्ससारखा संगीतकार हाताशी असून तिथे फक्त पाऊस, पत्रा आणि श्वास. कुठे थांबायचं हे कळणं म्हणजे काय, ते इथे बघावं.

आता दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडते. या सिनेमात चुका आहेत आणि चाहत्यांना त्या तोंडपाठ आहेत. टी-रेक्स जिथून सहज चालत बाहेर येतो, तिथेच थोड्या वेळाने खोल दरी असते! नाव ‘जुरासिक’, पण टी-रेक्स आणि व्हेलोसिरॅप्टर हे दोघंही त्यानंतरच्या क्रिटेशस काळातले. खरा व्हेलोसिरॅप्टर टर्की कोंबड्याएवढा होता आणि त्याला पिसं होती. डासाच्या पोटातल्या रक्तातून डीएनए काढण्याची कल्पना झकास आहे, पण डायनोसॉर संपले साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, आणि डीएनए इतका काळ टिकत नाही. शास्त्रज्ञांना मिळालेला सगळ्यात जुना डीएनए वीस लाख वर्षांच्या आसपासचा आहे.

म्हणजे विज्ञान चुकलं, सिनेमा टिकला. हे कसं, याचं उत्तर मला आपल्याच गुजरातमध्ये मिळालं. महिसागर जिल्ह्यात बालासिनोरजवळ रैयोली नावाचं गाव आहे. १९८० च्या दशकात तिथे भूवैज्ञानिकांना डायनोसॉरची हाडं आणि अंडी सापडली. नर्मदेच्या खोऱ्यात मिळालेल्या अशाच हाडांवरून २००३ मध्ये एका मांसाहारी डायनोसॉरला नाव दिलं गेलं: राजासॉरस नर्मदेन्सिस. डोक्यावर शिंग असलेला हा आपला स्थानिक राजा. २०१९ मध्ये रैयोलीत संग्रहालयही झालं. गेल्या वर्षी आम्ही घरचे सगळे तिथे गेलो. उघड्या माळावर काय दिसतं? दगड. दगडात एक गोलसर फुगवटा. “हे अंडं,” असं कुणी सांगितल्यावर भाऊ म्हणाला, “एवढंच?” पण पप्पा खाली बसले, त्या गोलावरून बोट फिरवत राहिले आणि म्हणाले, “म्हणजे ती इथंच बसली असेल.” ती म्हणजे आई. दगडातून त्यांना आख्खं जनावर दिसलं होतं. जीवाश्म स्वतः फार थोडं सांगतो, बाकी आपल्याला भरावं लागतं. सिनेमाने नेमकी हीच सवय लावून दिली, त्यामुळे त्यातली माहिती चुकली तरी ती सवय खोटी ठरत नाही.

परत येताना पप्पांनी १९९४ ची गोष्ट काढली. त्या वर्षीच्या दोन गोष्टी त्यांना आठवतात. उन्हाळ्यात ‘जुरासिक पार्क’ आणि सप्टेंबरात सुरतेतला प्लेग. प्लेग कुणाला दिसत नव्हता, पण लाखो माणसं मिळेल त्या गाडीने शहर सोडून गेली. पप्पाही गावी गेले. ते म्हणाले, “दिसतं त्याला माणूस कमी भितो. दिसत नाही त्याला जास्त.” आनंदवर्धन त्यांनी वाचलेला नाही.

पण पप्पांना या सिनेमात सगळ्यात जास्त भीती कुठे वाटते माहितेय? टी-रेक्सपाशी नाही. कुंपणापाशी.

पार्कची वीज गेलेली असते. डॉ. ग्रँट दोन मुलांना घेऊन १०,००० व्होल्टच्या कुंपणावर चढतो, कारण ते बंद आहे. त्याच वेळी दूर दुसरीकडे डॉ. सॅटलर पॅनेलपाशी पोहोचते आणि एकेक सर्किट चालू करायला लागते. ती बरोबरच करतेय. सगळ्यांना वाचवण्यासाठीच करतेय. तिला माहीत नाही की कुंपणावर एक लहान मुलगा अजून लटकतोय. तिला माहीत नाही, त्यांना माहीत नाही, फक्त आपल्याला माहीत आहे. त्या मिनिटांत पडद्यावर एकही डायनोसॉर नसतो.

पप्पा सुरतेत एका डाइंग मिलमध्ये वायरमन आहेत. (पुढचं त्यांना विचारूनच लिहितेय.) काही वर्षांपूर्वी मशीन बंद पडली होती, वरून ‘चालू करा’ म्हणून ओरडा झाला आणि पप्पांनी सप्लाय दिला. पलीकडे मोटरपाशी त्यांच्या सोबतच्या एका काकांचा हात आत होता. काका वाचले. उजव्या हाताची दोन बोटं मात्र अजून वळत नाहीत. ते दर नाताळला आमच्याकडे जेवायला येतात आणि पप्पा त्यांना स्वतः वाढतात. काम करताना फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवायचा, ही सवय पप्पांना त्या दिवसापासून लागली.

घरी हा सिनेमा लागला की त्या जागी पप्पा टीव्हीशी बोलतात. “अगं, विचार ना आधी. लायनीवर कोण आहे विचार.” दरवेळी. शेवट माहीत असूनही.

बरेच जण म्हणतात, माणसाने देव व्हायला जाऊ नये हा या सिनेमाचा संदेश. चर्चमध्ये वाढलेल्या मला तो पटकन आवडतोही. पण पप्पांबरोबर पाहिल्यावर मला दुसरंच दिसतं. पार्कचा मालक हॅमंड सारखा सांगत असतो की आपण खर्चात कुठे हात आखडला नाही. प्रत्यक्षात अख्ख्या बेटाची यंत्रणा एका प्रोग्रामरच्या हातात आहे आणि त्याच्याशी पैशावरून कुरबुर चालू आहे. तो एक माणूस फिरतो आणि सगळी कुंपणं पडतात. डायनोसॉर बिचारे फक्त उघड्या दारातून बाहेर येतात. असा पार्क जगात कुठे नाही, पण अशी पॅनेलं खूप ठिकाणी आहेत.

आता त्या ज्युनिअरला माझं उत्तर. अभिजात म्हणजे निर्दोष नव्हे, आणि जुनं तर नव्हेच. जिथे वाचणाऱ्यासाठी, बघणाऱ्यासाठी जागा मोकळी सोडलेली असते आणि प्रत्येक जण तिथे आपली भीती, आपलं आश्चर्य घेऊन बसू शकतो, ते टिकतं. १९९४ मध्ये एकोणीस वर्षांच्या पप्पांनी तिथे एक बसवलं, मिलमधल्या त्या दिवसानंतर दुसरं. सिनेमा तोच आहे.

पुढच्या महिन्यात मंडळातर्फे ‘जुरासिक पार्क’ दाखवू या का? मी पेनड्राइव्ह आणते. पेल्यातलं पाणी हललं की त्या ज्युनिअरकडे सगळ्यांनी लक्ष ठेवा. आणि दिवे लावण्याआधी आवाज द्या. पप्पांनी तसं बजावून सांगितलंय.