पँट कितीला पडते? सरासरी खर्चाचं गणित

मंडळी, बदलापूरहून मुंबईकडे निघालं की अंबरनाथनंतर उल्हासनगर लागतं. फाळणीनंतर कल्याण कॅम्पात आलेल्या सिंधी निर्वासितांचं हे शहर. 1949 साली त्याला हे नाव मिळालं. पुढे ते जीन्ससाठी प्रसिद्ध झालं. आजचं उदाहरण तिथल्याच एका छोट्या कारखान्याचं घेऊ. आकडे मी हिशेबाच्या सोयीसाठी धरलेत.

गाळ्याचं भाडं आणि मशीनचे हप्ते मिळून महिन्याला 60,000 रुपये. एकही पँट शिवली नाही तरी हे द्यावेच लागतात. हा स्थिर खर्च. कापड, चेन, शिलाई, धुलाई मिळून पँटमागे 250. हा बदलता खर्च. महिन्यात क्ष पँट शिवल्या, तर

एकूण खर्च = 60000 + 250 क्ष
सरासरी खर्च = (60000 + 250 क्ष) ÷ क्ष = 60000/क्ष + 250

बहुपदीला बहुपदीनं भागलं, म्हणून हे परिमेय फल.

आता आकडे घालून बघा. 500 पँट शिवल्या तर एक 370 ला पडते. 1000 ला 310, 2000 ला 280, 4000 ला 265. दर वेळी माल दुप्पट केला, पण बचत 60, मग 30, मग 15. आलेख खाली येत राहतो, 250 ला मात्र कधीच टेकत नाही. या 250 च्या रेषेला अनंतस्पर्शी म्हणतात.

आता व्यापारी येतो आणि म्हणतो, "4000 नग उचलतो, 245 नं द्या." मोठी ऑर्डर बघून मोह होतो. पण भाव रेषेच्याच खाली आहे! 2000 नगांवर तोटा 70,000, तर 4000 वर 80,000. जितकं शिवाल तितकं बुडाल. शिवाय दुसरी पाळी लावावी लागली, तर 60,000 आणि 250 हे आकडेही बदलतात.

मग ती रेषाच खाली आणायची कशी? एक वाट आहे कापड बेतताना कमी वाया घालवण्याची. दुसरी, धुलाईचं रंगीत पाणी प्रक्रिया न करता सोडून देण्याची. वालधुनी नदीच्या प्रदूषणावरून जीन्स धुणाऱ्या कारखान्यांवर कारवाई झाली, ती यामुळेच. सूत्रात 250 चे 240 झालेले दिसतात. उरलेले दहा रुपये कुठे जात नाहीत हो, ते नदीकाठचा माणूस भरतो.