धोतरा : विष आणि औषध

धोतरा आमच्याकडे उकिरड्यावर, बांधावर उगवतो. त्याचे पांढरे फूल व काटेरी फळ आपण महादेवाला वाहतो. बिया मिरचीच्या बियांसारख्या दिसतात, पण विषारी असतात.

मागच्या श्रावणात माझ्या लहान भावाने त्या खाल्ल्या. त्याचे तोंड कोरडे पडले, बाहुल्या मोठ्या झाल्या, तो काहीबाही बडबडू लागला. बाबांनी लगेच दवाखान्यात नेले म्हणून वाचला.

डॉक्टर म्हणाले, धोतऱ्यात अ‍ॅट्रोपिन असते. कपाशीवर फवारायच्या काही औषधांची बाधा झाली की उलटे होते. बाहुल्या बारीक होतात, लाळ गळते. तेव्हा अ‍ॅट्रोपिनचेच इंजेक्शन देतात. पण ते मोजून!

म्हणून घरी धोतऱ्याचे औषध करू नका. मुलांनो, धोतरा तोडला तर हात धुवा. बी तोंडात घालू नका.